पाटीकरांचा खांदा

"घ्या हो बाई, तुपाला काय तोटा हाय व्हय?" असं म्हणत आप्पांनी खांबेटेबाईंच्या ताटावर लोटी अशी वाकवली की भाकरी तरंगायला लागली.

बाईंनी ताट मागे ओढलं. "पुरे, आप्पा. मला दिवसभर उन्हात उभं राहायचंय."

"म्हनूनच की. उभं ऱ्हायाला बळ नगं? आनि पोकळ माती जपून खणावी लागती. ढासळती."

"पोकळ आहे असं मी अजून म्हटलेलं नाही."

"म्हनाल की. घाई न्हाई."

चुलीपुढे भाकरी थापता थापता मी ऐकत होते. आप्पा म्हणजे माझे सासरे, गावाचे गेनूअण्णा. माझ्या बाळंतपणातसुद्धा त्या लोटीची मान इतकी वाकली नव्हती. पण न्यायाधीशच घरात जेवायला बसला, तर तूप कसं वाढायचं हे फिर्यादीला कुणी शिकवावं लागत नाही.

फिर्याद जुनी होती. आमच्या तळेखेडच्या वर रोहिणगड, खाली रान, आणि दोहोंच्या मध्ये दमदमा. दमदमा म्हणजे लढाईत तोफा चढवायला माणसांनी पाट्या पाट्या माती वाहून घातलेली टेकडी. आज तिला तारेचं कुंपण आहे, सरकारी फलक आहे, शाळांच्या सहली येतात. तेव्हा तिथं फक्त शेरड्या चरायच्या.

गावाचं म्हणणं असं, की पातशाही फौजेनं गडावर तोफ डागायला हा दमदमा घातला आणि त्याची माती वाहिली आमच्या घरानं. त्या तोफेनं बुरूज पडला, गड गेला. सातबाऱ्यावर आमचं आडनाव माने असलं तरी गावाच्या तोंडी आम्ही पाटीकर. चैत्रात भैरोबाची पालखी गावातनं निघून गडाच्या पायथ्याच्या मूळ ठाण्याला जाते. तिला खांदा निकमांचा आणि त्यांच्या भावकीचा. आमच्या पुरुषांनी बांबूच्या पाट्यांत माती घेऊन पुढं चालायचं आणि वाटेतल्या चाकोऱ्या भरत जायचं, म्हणजे खांदेकऱ्यांचा पाय मुरगळू नये. ज्या खांद्यानं गनिमाची माती वाहिली, त्या खांद्यावर देव द्यायचा नाही.

आमच्या घराचं म्हणणं निराळं. माती वाहिली, खरं आहे. वेठ होती, मानेवर तलवार होती. पण वाहिली ती अशी, की वरून माती आणि आत कडबा नि बोरीच्या काटेरी फांद्यांचे फास. तोफ वर चढली तशी चाकं आत गेली आणि पातशाही गोलंदाज हात चोळत बसले. गड गेला तो फितुरीनं. फितूर कोण, हे सांगताना आप्पा तोंडानं काही बोलत नसत, नुसते निकमांच्या घराकडे बघत.

पुरावा दोन्हीकडे सारखाच होता. आजोबांनी सांगितलं होतं.

त्या वर्षी माघात पुरातत्त्व खात्यानं दमदमा खणायचं काढलं आणि देवळाच्या पायरीवर आप्पांनी सगळ्या गावासमोर दाजीबा निकमांना गाठलं. दाजीबा म्हणजे पालखीचा पहिला खांदा. शरीरानं दांडगा, बोलण्यात गोड, आणि गोड बोलून समोरच्याची चव घालवणारा.

"दाजीबा, दमदमा आतनं पोकळ निघाला तर आमाला खांदा देनार का?"

"दिला की, गेनूअण्णा. तुज्याहून देव मोठा हाय का?" दाजीबा हसले. "आनि भरीव निघाला तर?"

"तर म्या परत खांदा मागनार न्हाई."

"तू काय, पिकलं पान. तुजं मागनं आपसूकच थांबंल. पोराचं काय, नातवाचं काय?"

"माज्या घरातलं कुनीबी मागनार न्हाई. भैरोबाची आन."

माझा मुलगा तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभा राहायला शिकत होता. अजून स्वतःचं अंगही नीट न पेलणाऱ्या पोराचा खांदा पैजेला लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. घरी आल्यावर मी म्हटलं तसं.

"अगं, पोकळ हाय त्यो," आप्पा म्हणाले. "जिंकलेल्या पैजंला कोन भितो?"

दमदम्याला सगळ्यात जवळचं घर आमचं, म्हणून खात्याकडून खणायला आलेल्या खांबेटेबाई आमच्याच ओसरीलगतच्या खोलीत उतरल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, सडपातळ, डोक्याला पुरुषी टोपी. गावातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्यांचा हिशेब मांडून टाकला. मंगळसूत्र नाही, आरशात बघत नाही, मातीकडे बघून हसते. मी माझा हिशेब ताटावरून मांडते. बाई वाढलेलं संपवायच्या, पण नको असलेलं आधी संपवायच्या आणि आवडीचं शेवटी. असा माणूस फसवायला कठीण असतो. मी आप्पांना सांगितलं, तूप वाया जातंय. त्यांनी ऐकलं नाही.

बाईंनी दमदम्याला कलिंगडाची फोड काढावी तसं रानाच्या बाजूनं चिरायला घेतलं. दोरी ताणायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, कुदळीनं थोडं खणायचं, मग थापीनं बाजू खरडून गुळगुळीत करायची आणि पाणी शिंपडून रंग बघत बसायचं. मजूर गावचेच. त्यांना रोजगार मिळत होता आणि वर तमाशा फुकट.

आप्पांच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी दात घासता घासता दमदमा, भाकरीनंतर दमदमा, दुपारी सगळं गाव आडवं झालेलं असताना हे टॉवेल डोक्यावर टाकून चरापाशी. घरी आले की बसायचे, बसले की उठायचे. गोठ्यात जायचे आणि कशाला आलो होतो ते विसरून परत यायचे. म्हशीला दोनदा पाणी, बैलाला एकदाही नाही. मी बोलले तर म्हणायचे, "मला काय कामं न्हाईत व्हय?" आणि परत दमदमा.

चरावर त्यांची वाटच बघत असायचे.

"गेनूअण्णा, म्हस घेऊन आला न्हाई? कडबा निघाला तर वल्ला हाय का वाळला, कोन सांगनार?"

"अण्णा, बोरीचा काटा टोचला बगा मला! निघाला वाटतं तुमचा फास!"

"हसा, हसा," आप्पा म्हणायचे. "तुमच्या आज्याला बी आसंच हसू आलं आसंल, तोफंची चाकं रुतली तवा."

दाजीबा रोज संध्याकाळी फेरी मारायचे. चराच्या कडेला उभं राहून विचारायचे, "काय बाई, लागला का तळ?" आणि उत्तराची वाट न बघता आप्पांकडे वळून, "आमच्या गेनूअण्णाचं तूप पचतंय न्हवं?"

बाई लाल व्हायच्या. एकदा त्यांनी मला सरळ विचारलं, "वहिनी, मी दुसरीकडे राहायला जाऊ का? लोक म्हणतील, मी यांच्या बाजूनं बोलले."

"कुठं जाल? निकमांकडे गेलात तर श्रीखंड मिळेल. तेही पचवावं लागेलच की," मी म्हटलं. त्या हसल्या आणि राहिल्या.

मग लोखंडी गोळे निघाले. पहिला निघाला तेव्हा मजुरांना तो गंजका धोंडाच वाटला. बाईंनी तो ओल्या फडक्यात गुंडाळला तेव्हा गावाला कळलं, तोफेचा गोळा आहे. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. गडावरून दमदम्यावर गोळे पडणारच. मग आणखी एक निघाला, मग आणखी. गोळे किती निघाले याची चर्चा पारावर व्हायची. कुठल्या अंगाला निघाले याचा हिशेब कुणी केला नाही.

त्या संध्याकाळी बाईंनी ताटातलं आवडीचं आधी खाल्लं आणि बाकीचं तसंच ठेवलं. मी भाकरी तव्यावर टाकली आणि म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही."

"ताट सांगतंय."

बाईंनी ओसरीकडे बघितलं. आप्पा दिसत नव्हते. "वहिनी, अजून पक्कं नाही. कुणाला बोलायचं नाही."

"बोला."

त्यांनी परातीतला पिठाचा गोळा उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. "हा दमदमा. तुमच्या बाजूला गड, माझ्या बाजूला रान. पातशाही फौज कुठे होती?"

"रानात."

"आणि दमदमा त्यांचा असेल, तर त्यावर गोळे कुठून येतील?"

"गडावरून. म्हणजे माझ्याकडून."

बाईंनी आपल्या बाजूनं पिठात अंगठा रुतवला. "सगळे गोळे इथे आहेत. रानाच्या अंगात. गडाकडच्या अंगाला मी दोन ठिकाणी खणलं, एकही नाही. आणि दमदम्यापुढचा खंदक, तोही रानाकडेच. माणूस खंदक आपल्या आणि शत्रूच्या मध्ये खणतो."

मी पिठातल्या त्या खड्ड्याकडे बघत राहिले. तव्यावरची भाकरी करपली.

"म्हणजे दमदमा त्यांचा नव्हेच?"

"गडकऱ्यांचा. गडाची वाट अडवायला घातलेला. पुढे गड पडल्यावर पातशाही फौजेनं त्यावर आपली तोफ ठेवली असेल. बघणाऱ्यांच्या लक्षात तेवढीच राहिली."

माझ्या तोंडून हसू फुटणार होतं. म्हणजे आमच्या घरानं माती वाहिली ती आपल्याच माणसांसाठी! पण हसू ओठापर्यंत आलं आणि तिथंच अडलं, कारण तेवढ्यात हिशेबाच्या दुसऱ्या रकान्यातला आकडा दिसला.

तो आकडा आप्पांनाही दिसला होता. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. कधीपासून, कोण जाणे.

"बाई," ते हळू म्हणाले, "मंग त्यो आतनं पोकळ निघाला तर?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. सांगायचं काम माझ्यावर आलं.

"तर आपण आपल्याच गडाला दगा दिला, आप्पा. आत कडबा घालून."

"आनि भरीव निघाला तर?"

"तर पैज हरलो."

आप्पा भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "माजा आजा मला दमदम्यावर न्ह्यायाचा. हितं पाय आपट म्हनायचा. ऐकू येतं का, आतनं पोकळ वाजतंय. मी म्हनायचो, व्हय, वाजतंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय वाजत नव्हतं गं. पर आज्याचं मन मोडावं कसं?"

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या भाकरीवर तूप पडायचं बंद झालं असं नाही, पण लोटी वाकायची, थांबायची, सरळ व्हायची, परत वाकायची. न्यायाधीशाकडून काय हवं तेच फिर्यादीला कळेनासं झालं होतं. चरावरच्या टोमण्यांना आप्पा उत्तर देईनात. त्यामुळे टोमणे मारणारे अस्वस्थ झाले. "अण्णाला काय तरी कळलंय," असं पारावर बोलू लागले. दाजीबा दिवसातनं दोनदा यायला लागले.

सोमवारी आप्पा नारळ घेऊन देवळात गेले आणि फार लवकर परत आले.

"काय मागितलं देवाला?" मी विचारलं.

"काय मागू?" ते चिडून म्हणाले. "पोकळ म्हनू का भरीव म्हनू? नारळ ठेवला आनि म्हनलं, तुला कळंल ते कर. त्याला तरी काय कळतंय कुनास ठावं."

बाईंनी गाभ्याला हात घातला तो दिवस मला आठवतो तो वाऱ्यासाठी. फाल्गुनातला कोरडा वारा, धूळ डोळ्यांत, बायकांचे पदर उडतायत, आणि तरीही सगळं गाव चराच्या दोन्ही कडांना उभं. मी पोराला कडेवर घेऊन आप्पांच्या मागं होते. समोरच्या कडेला दाजीबा, स्वच्छ धोतर, लाल फेटा. जणू यात्राच.

बाई चरात उतरल्या. कुदळवाल्यांना बाजूला करून त्यांनी स्वतः थापीनं बाजू खरडायला घेतली. वरची सैल माती खाली पडली. मग थापीचा आवाज बदलला. आधी खसखस होती ती खरखर झाली, मग टणत्कार यायला लागला. त्यांनी पाणी शिंपडलं आणि रंग उमटले. काळ्या मातीचा थर, त्यावर पांढरा मुरूम, परत काळी माती, परत मुरूम. प्रत्येक थर धुमसानं ठोकून बसवलेला, कुठं फट नाही, कुठं काडी नाही.

"काय हाय बाई?" दाजीबांनी वरून विचारलं.

बाईंनी कपाळ पुसलं. त्यांनी आप्पांकडे बघितलं नाही. "भरीव आहे."

चराच्या पलीकडच्या कडेला जो हल्लकल्लोळ झाला, त्यात कुणाला ऐकू गेलं नाही की अलीकडचा एक म्हातारा त्याहून मोठ्यानं ओरडतोय. मला गेलं. आप्पा चरात उतरले, उतरले कसले, घसरलेच. त्या भिंतीवर त्यांनी मूठ आपटली, परत आपटली, गाल लावला. "भरीव हाय! आगं सूनबाई, भरीव हाय! काय ठोकलाय बग! मुंगीला वाट न्हाई!"

हळूहळू हसणारे थांबले.

"गेनूअण्णा," दाजीबा म्हणाले, "उन्हाचा त्रास झाला का काय? आरं, तू हरलास."

"हरलो! हरलो की!" आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड कानापर्यंत फाकलं होतं. "बाई, सांगा यास्नी. गोळ्यांचं सांगा."

बाईंनी सांगितलं. रानाचं अंग दाखवलं, गोळे जिथं निघाले तिथं पुरलेल्या खुंट्या दाखवल्या, खंदक दाखवला. शिक्षकाच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून. गावाला कळायला वेळ लागला नाही. रोज समोर असलेली गोष्ट होती, फक्त कुणी वळून बघितलं नव्हतं. कुणीतरी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, म्हंजी पाटीकर आपलंच की!"

सगळे दाजीबांकडे बघायला लागले. दाजीबांनी फेटा सारखा केला. हुशार माणूस. त्यांनी बाईंशी वाद घातला नाही, आप्पांची थट्टा केली नाही. शांतपणे म्हणाले, "लई बरं झालं. गावावरचा डाग गेला. पर पैज ती पैज. भरीव निघाला तर खांदा मागनार न्हाई, आसं कोन म्हनलं हुतं?"

"म्याच," आप्पा म्हणाले. "भैरोबाची आन घेतली हुती. मागत न्हाई."

आणि वर चढायला त्यांनी दाजीबांनाच हात पुढे केला. दाजीबांना तो धरावा लागला.

मला त्या रात्री झोप लागली नाही. हरलो ते आप्पांना गोड वाटत होतं, पण पोराचा खांदा गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी मी आप्पांना म्हटलं, सगळं खरं ठरलं आणि पदरात काय पडलं? परत पाटीच ना? ते म्हणाले, "पाटी तीच, पर आता तिच्यात माती हाय. आधी चिखल हुता." असली वाक्यं पोरांना ऐकवायला बरी असतात. घर चालवणारीचं त्यावर भागत नाही.

पण गाव म्हणजे गाव. पंधरवडा लोटला नाही तोवर पारावरचं बोलणं फिरायला लागलं. एवढा थोरला दमदमा एकट्या मान्यांच्या घरानं घातला असेल होय? आमच्याही खापरपणज्यानं पाट्या वाहिल्या असणार. आमच्याही. निकमांच्या भावकीतल्या एकाला तर आठवलं, की त्याच्या आज्याच्या पाठीला जन्मतःच पाटीचा वळ होता. साताऱ्याच्या वर्तमानपत्रानं बातमी छापली, 'गडासाठी राबणारे हात', आणि यात्रेला फोटो काढायला माणूस पाठवतो असं कळवलं. बाईंनाही बोलावणं गेलं.

यात्रेच्या पहाटे मी माळ्यावरून पाट्या काढून शेणानं सारवून अंगणात वाळत ठेवल्या होत्या. दाजीबा आले. नवं धोतर, कपाळाला भंडारा, आणि आवाजात असा मऊपणा की मी आधी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाशी बोलतात की काय.

"सूनबाई, एखादी पाटी आसंल का गं जादाची? म्हनलं, आपन बी चार पावलं पुढं चालावं. आपल्याच वाडवडलांची याद."

"तुम्ही? पण खांदा?"

"भावकी हाय की. तिघं हायेत. फोटोवाला बी पुढंच ऱ्हानार म्हंत्यात."

"घमेलं नाही का घरात?"

"घमेल्यानं कसं? जुनं ते जुनं."

मी त्यांना सगळ्यात चांगली पाटी दिली. ते गेले न गेले तोच त्यांचे धाकटे बंधू आले. मग दोघे चुलतभाऊ. पाट्या मोजक्याच होत्या, आणि मागणाऱ्यांत सुतार होते, साळी होते, शाळेचे मास्तरही होते. त्या सगळ्यांना मी हात जोडले, संपल्या म्हणून सांगितलं. ज्यांना दिल्या त्यांची नावं मला आजही पाठ आहेत, कारण पालखीचे चारही खांदे पिढ्यान् पिढ्या त्याच घरांचे होते.

आप्पा अंघोळ करून, फेटा बांधून बाहेर आले. अंगण मोकळं.

"माजी पाटी?"

"दिली."

"दिली? कुनाला?"

"मागितली त्यांनी. देवाचं काम, नाही कशी म्हणू?"

"आगं मंग म्या काय घिऊन चालू?"

"मोकळे चला आजच्या दिवस," मी म्हटलं आणि पोराचं नाक पुसायला घेतलं.

देवळापुढे ढोल वाजत होते. पुढच्या वाटेवर पाट्या-घमेल्यांची अशी झुंबड, की एकेका चाकोरीवर चौघं चौघं माती टाकत होते. फोटोवाला उलटा चालत होता. "अजून जरा वाका, साहेब," म्हणत होता आणि दाजीबा वाकत होते. खांबेटेबाई टोपी सांभाळत कडेला उभ्या होत्या. पालखी पायरीखाली ठेवलेली, दांडीला झेंडूच्या माळा, आत भैरोबाचा मुखवटा, आणि ईश्वरा गुरव धुपाटणं हलवून हलवून थकलेला.

प्रत्येक खांदेकऱ्याला वाटत होतं, बाकीचे तिघं खांद्याला आहेतच.

आप्पा, माझे मालक आणि दोघे चुलत दीर रिकाम्या हातांनी देवळाशी उभे होते. पाटी नाही म्हणून पुढं जाता येत नव्हतं, मान नाही म्हणून पालखीजवळ जाता येत नव्हतं. बाकीची घरं तर पालखीला नुसता हात लावायलाही धजणारी नव्हती.

"आरं, देव उचलायला हाय का कोनी?" गुरव ओरडला. "वाजंत्री निघाली पुढं! ऊन चढलं!"

कुणी हललं नाही. गुरवाची नजर आप्पांवर येऊन थांबली.

"गेनूअण्णा, उबा काय ऱ्हायला?"

"म्या मागनार न्हाई, गुरव. आन घेतलीय."

"मागायचं कुनाला?" गुरव खेकसला. "हितं हाय कोन?"

आप्पांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. खरंच कुणी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि देवाला हात जोडले. आप्पा खाली वाकले.

दांडी कुठल्या खांद्यावर घ्यायची हेही त्यांना ठाऊक नव्हतं. गुरवानं "डावा, डावा!" म्हणत त्यांना फिरवलं. मागं माझे मालक, पलीकडे दोघे दीर. पालखी एका बाजूला कलली, सावरली, आणि उठली. चौघांचं एक पाऊल दुसऱ्याशी जुळत नव्हतं. मुखवटा असा डुलत होता, की देवाला हसू आवरेना झालं असावं.

वेशीबाहेर दाजीबा चाकोरीत ओणवे होऊन माती सारखी करत होते, फोटोवाला समोर. मागं ढोल जवळ आला तसे ते वळले. वर बघतात तो आप्पा. दाजीबांच्या हातातली पाटी तशीच राहिली. तोंड उघडलं. पण उचललेली पालखी मूळ ठाण्याशिवाय कुठंही टेकत नाही, टेकली तर गावाला वर्ष वाईट जातं, हे त्यांच्याहून चांगलं कुणाला ठाऊक? आप्पांचा पाय पुढच्या चाकोरीशी आला होता. दाजीबांनी एकदा आप्पांच्या पायाकडे बघितलं, एकदा चाकोरीकडे, आणि पाटीतली उरलेली माती घाईघाईनं तिच्यात ओतून हातानं दाबली.

आप्पा त्यावर पाय देऊन पुढं गेले.

संध्याकाळी ते ओसरीवर उघड्या अंगानं बसले होते. खांद्याची साल निघालेली. मी हळद-तेल कोमट करून आणलं. आता काहीतरी मोठं बोलणार म्हणून मी वाट बघत होते. आप्पांनी बोटानं खांदा चाचपला, तोंड वाकडं केलं.

"लई जड आसतंय गं," ते म्हणाले. "दाजीबानं इतकी वर्सं बदलीबिगर कसं काय वढलं आसंल?"

मी तेल लावत राहिले. थोड्या वेळानं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं.

"पुढल्या साली त्याला निम्म्या वाटंत मला बदली द्याया सांगतो."